साबणकाकांचा झाकणाचा डबा

माणसाच्या तोंडात दिवसभरात किती लाळ तयार होते हे कुणाला माहीत नसतं, कारण ती आपण गिळत असतो. चालता चालता गिळतो, झोपेत गिळतो, आणि साहेब बोलत असेल तर लाळेबरोबर चार शब्दही गिळतो. साबणकाकांना हे गणित साठी उलटल्यावर कळलं, आणि असं कळलं की ते वैऱ्यालाही कळू नये. त्यांची अन्ननलिका बंद झाली होती. घास दूरच, स्वतःची थुंकीसुद्धा खाली उतरत नव्हती. ती तोंडात साठायची आणि साठली की थुंकावीच लागायची. त्यासाठी त्यांच्या हाताशी कायम एक स्टीलचा झाकणाचा डबा असे. संध्याकाळपर्यंत तो भरत आलेला असे. मग काका न्हाणीघरात जाऊन, दाराला कडी घालून, नळ मोठा सोडून तो स्वतः धूत. घरातल्या कुणाचा हात त्याला लागलेला त्यांना खपत नसे.

साबणकाका हे नाव गल्लीने ठेवलेलं. घराला लागून त्यांची शेड होती आणि तिच्यात त्यांनी उभं आयुष्य साबण केला. तेल तापवायचं, कॉस्टिक सोडा पाण्यात विरघळवून ते पाणी निववायचं, दोन्ही एकत्र घोटायचं, साच्यात ओतायचं, कापायचं आणि वाळत ठेवायचं. वडी तयार झाली की नाही हे काका जिभेने बघत. जिभेचं टोक वडीला लावायचं. चटका बसून झिणझिणलं तर आत सोडा अजून मोकळा आहे, नुसती साबणाची चव आली तर माल बाहेर काढायला हरकत नाही. जुन्या साबणवाल्यांची ही रीतच होती. मुलगा धंद्यात आल्यावर तपासायच्या कागदी पट्ट्या घेऊन आला, तेव्हा काका आठवडाभर त्याची टर उडवत होते.

कॉस्टिकचं पाणी दिसायला अगदी साध्या पाण्यासारखं असतं, नितळ आणि बिनवासाचं. ते प्यायच्या भांड्यात कधीही ठेवायचं नाही, हा शेडमधला पहिला नियम. काकांनी तो प्रत्येक कामगाराच्या डोक्यात हातोडीने ठोकल्यासारखा बसवला होता, आणि एकाला तो मोडला म्हणून कामावरून काढलंही होतं. मग एके सकाळी मापाचं भांडं सापडेना, तेव्हा आदल्या दिवशी निववलेलं थोडं पाणी काकांनीच आपल्या पेल्यात काढून ठेवलं. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. काकांनी त्याला जिभेची करामत दाखवायला ऐटीत वडी चाटली, आणि साबणाची चव घालवायला, रोजच्या सवयीने, हात मागे करून पेला तोंडाला लावला. एकच घोट गेला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, असं गल्लीतलं कुणी त्यांना तोंडावर म्हणालं नाही. पण काका ते स्वतःलाच दिवसातून दहादा म्हणत.

हॉस्पिटलातल्या सर्जनबाईंनी सांगितलं की अन्ननलिका भाजली, पण पोट बचावलं. पोटात मुळातच तेज आम्ल असतं, त्याने त्या सोड्याचा जोर मारला. हे काकांना समजावून सांगावं लागलं नाही. सोडा सांडला की त्यावर व्हिनेगर ओतायचं, हे ते जन्मभर करत आले होते. आपल्या पोटात इतकी वर्षं व्हिनेगरपेक्षा जहाल माल बसला होता आणि आपल्याला पत्ता नाही, याचं त्यांना त्या अवस्थेतही जरा कौतुक वाटलं. पुढे भाजलेली जागा भरून येताना आखडत गेली. ती रुंद करायचे प्रयत्न झाले, पण दर वेळी ती पुन्हा आवळली आणि शेवटी बंदच झाली. मग पोटाला बाहेरून भोक पाडून त्यात रबरी नळी बसवली. पातळ केलेलं अन्न नरसाळ्याने त्या नळीत ओतायचं, ते थेट पोटात जायचं. आतड्याचा एक तुकडा घेऊन घशापासून पोटापर्यंत नवी वाट करून देता येईल, असं सर्जनबाई म्हणाल्या. मात्र ऑपरेशन मोठं होतं आणि काकांची तब्येत काटकुळी झाली होती. आधी वजन वाढवा, म्हणाल्या. पुढच्या तपासणीला वजन वाढलेलं दिसलं तर तारीख देऊ, नाही तर हे शरीर टेबलावर घ्यायची माझी हिंमत नाही.

म्हणजे गोष्ट सरळ होती. वजन वाढलं तर काका पुन्हा माणसासारखे जेवणार होते.

घरी पाठवताना वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरने काकांना, मुलाला आणि सुनेला समोर बसवून आणखी एक गोष्ट सांगितली. नळीत ओतण्याआधी आणि ओतताना काकांनी घास तोंडात घालायचा, नीट चावायचा, चव घ्यायची आणि मग थुंकून टाकायचा. तिघंही तिच्याकडे बघत राहिले.

"पोटाला डोळे नसतात," सिस्टर म्हणाली. "जेवण आलंय हे त्याला तोंड सांगतं."

अन्न दिसलं, वास आला, जिभेला चव लागली, की मेंदूला खबर जाते आणि मेंदूकडून पोटाला निरोप येतो. मग पोट आम्ल सोडून तयारीला लागतं. अन्न आत पडून पोट ताणलं की आणखी सोडतं, आणि पुरेसं झालं की स्वतःच हात आखडता घेतं. हे सगळं आपल्या नकळत चाललेलं असतं. तोंडाला वगळून नुसतं नळीतून ओतलं, तर ते झोपलेल्या पोटात जाऊन पडतं. मग पोट फुगतं, जड वाटतं, भूकही लागत नाही आणि जेवल्याचं समाधानही होत नाही. तेव्हा घरचे जेवतात त्याच वेळी, त्यांच्याबरोबर बसून, ते खातात तेच चावा, असं तिने बजावलं. सूनबाई मान डोलावत ऐकत होती. ती चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवायचं काम करायची, आणि सांगितलेलं काम केसाइतकंही इकडचं तिकडे होऊ द्यायचं नाही हा तिचा स्वभाव होता.

काका मात्र खाली बघत होते. हे घर त्यांनी ज्या शिस्तीत चालवलं होतं तिथे ताटात अन्न टाकणं म्हणजे गुन्हा होता. मुलाने लहानपणी टाकलेली भाजी दुसऱ्या दिवशी तीच त्याच्यापुढे आलेली होती. आणि आता या वयात सुनेसमोर बसून तिने केलेला घास चावायचा, त्याचा लगदा करायचा, आणि तो डब्यात थुंकायचा. नुसतं मनात आणूनच त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. घरी आल्यावर ते म्हणाले, मी माझ्या खोलीत करीन. सूनबाईला ते पटलं नाही, पण सासऱ्यांचा संकोच तिलाही कळत होता. ती पातळ केलेल्या अन्नाचं भांडं आणि शेजारी छोट्या ताटलीत घरात जे असेल ते, असा ट्रे त्यांच्या खोलीत नेऊन ठेवू लागली.

पहिल्या दिवशी त्यांनी खरंच करून बघितलं. लोण्याचा हात लावलेला उकडलेला बटाटा होता. घास तोंडात गेला मात्र, आणि गालांतून, जिभेखालून असं पाणी सुटलं की त्यांना हनुवटीखाली हात धरावा लागला. ते चावत राहिले. कितीतरी दिवसांनी जिभेला मीठ लागलं, लोणी लागलं, बटाट्याचा मऊपणा लागला. मग घसा आपणहून गिळायला गेला. जन्मभराची सवय ती, तिला काय ठाऊक की पुढे वाट नाही. घास तिथेच अडला, जीव घुसमटला, आणि त्यांनी खोकत खोकत सगळं डब्यात टाकलं. डब्यात बघितल्यावर त्यांना स्वतःचीच किळस आली. ते पलंगाच्या कडेला बसून लहान मुलासारखे रडले, पण आवाज न करता, कारण पलीकडे सूनबाई भांडी आवरत होती.

त्या दिवसापासून त्यांनी चावणं सोडलं. ताटलीतलं अन्न ते खिडकीतून मागच्या बोळात टाकत. बोळातल्या कुत्र्यांना वेळ पाठ झाली आणि ती खिडकीखाली येऊन शिस्तीत बसू लागली. नळीतून ओतलेलं अन्न पोटात दगडासारखं पडून राही. अर्धं ओतून झालं की पोट फुगे, मळमळे. मग उरलेलं अर्धं काका न्हाणीघराच्या मोरीत ओतत आणि वरून पाणी सोडत. रिकामं भांडं आणि रिकामी ताटली ट्रेमध्ये ठेवून दार उघडत. सूनबाई विचारी, सगळं गेलं का बाबा? ते म्हणत, गेलं. चावलंत ना? चावलं. आणि हे सांगताना ते तिच्याकडे न बघता डब्याचं झाकण लावत बसत. थोडक्यात, कुत्री बाळसं धरत होती आणि काका वाळत चालले होते.

स्वयंपाकाच्या वेळी तर ते घरातच थांबत नसत. लोण्यावर कांदा पडला की वास घरभर फिरे, आणि त्यांच्या तोंडात पाण्याचा लोंढा येई. आपलंच तोंड आपल्याला न विचारता मेजवानीची तयारी करतंय, हे त्यांना सहन होत नसे. मग डबा घेऊन ते शेडमध्ये जात आणि वाळत ठेवलेल्या वड्यांच्या मध्ये बसत. तिथे साबणाच्या वासापुढे दुसऱ्या कुठल्या वासाची टाप नव्हती. घरात सगळ्यांना वाटे, म्हाताऱ्याचा धंद्यात जीव अडकलाय.

तपासणी जवळ आली तेव्हा काकांची थोरली बहीण राहायला आली. आई लवकर गेल्यामुळे काकांना तिनेच वाढवलं होतं. आधी भावाला भरवून मग उरेल ते स्वतः खाल्लेली ती बाई. तिने दारातच भावाची गळ्याची हाडं बघितली आणि चप्पल काढायचं विसरली. दुसऱ्या दिवसापासून लेकी बोले सुने लागे सुरू झालं. भांडी घासायला येणाऱ्या बाईला ती सांगे, आमच्या वेळी आजारी माणसाचं आधी बघायचे, मग आपली नोकरी. शेजारणीला सांगे, नळी असली म्हणून काय झालं, नळीलाही पोटभर लागतंच की. सूनबाई ऐकून घ्यायची. अखेर एका सुट्टीच्या दुपारी, सूनबाई ट्रे घेऊन निघालेली असताना, बहिणीने तिला भर घरात अडवलं.

"एवढंच देतेस त्याला? माणूस आहे की पाखरू?"

सूनबाईने ट्रे होता तसाच हातात धरला आणि काकांकडे बघितलं. तिला काही फार नको होतं. ती भरपूर देते, एवढं तीन शब्दांचं वाक्य. काका खुर्चीत बसले होते. त्यांच्या तोंडात लाळ भरली होती. त्यांनी डबा उचलला, थुंकले, झाकण लावलं, तोंड पुसलं. या सगळ्याला जितका वेळ लागतो त्याच्या दुप्पट त्यांनी लावला. तोवर सूनबाई खोलीत ट्रे ठेवून निघून गेली होती. शरमेच्या वेळी माणसं आवंढा गिळतात. काकांना तीही सोय राहिली नव्हती.

त्या दिवसानंतर भांड्यातलं अन्न वाढलं. सूनबाईने त्यात जास्तीचं अंडं घातलं, दूध दाट केलं, लोणी वाढवलं. ती लवकर उठून ते शिजवी, वाटी, गाळी आणि मग दुकानात पळे. दुपारचं देण्यासाठी तिने अर्धा दिवस रजा घ्यायला सुरुवात केली. काका त्यातलं पूर्वीइतकंच पोटात घेत. मोरीत जास्त जाऊ लागलं एवढाच फरक. एका संध्याकाळी भिंतीपलीकडून त्यांना मुलाचा आवाज ऐकू आला. तो बिचारा भांडायला गेला नव्हता, अडखळत विचारत होता, तू गाळताना काही चोथ्यात तर जात नाही ना, आत्या म्हणत होती. सूनबाई म्हणाली, उद्यापासून तू कर. काकांनी ते ऐकलं आणि भिंतीकडे पाठ करून बसले. आता जाऊन सांगावं असं त्यांना फार वाटलं. पण काय सांगायचं? की तुझ्या बायकोचे कष्ट मी मोरीला पाजतो? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणतात. काकांच्या मुठीत सव्वा लाख नव्हते, सुनेची अब्रू होती, आणि ती त्यांनी झाकून धरली होती.

तपासणीच्या दिवशी चौघंही हॉस्पिटलात गेले. काका काट्यावर उभे राहिले. सिस्टरने आकडा वाचला, मागचा कागद बघितला, काकांना खाली उतरून पुन्हा उभं राहायला सांगितलं. वजन वाढलं नव्हतंच, उलट घटलं होतं. सर्जनबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या ओरडणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, असं असेल तर मला तारीख देता येणार नाही. आणखी एकदा बोलावते, पण तेव्हाही असंच असलं तर हा विषय सोडून द्यावा लागेल. मग त्यांनी विचारलं, देताय काय त्यांना? नक्की किती जातं पोटात?

प्रश्न काकांना होता. त्यांनी तोंड उघडलं, आणि काय झालं कुणास ठाऊक, तोंडात थेंब नव्हता. इतके महिने सकाळ-संध्याकाळ न थांबता वाहणारा तो झरा त्या घडीला आटला. जीभ टाळूला चिकटली. भीती वाटली की लाळ आटते, तोंडचं पाणी पळतं ते खरंच पळतं, हे त्यांना आयुष्यात असं स्वच्छ कधी कळलं नव्हतं. मांडीवरचा डबा रिकामा होता, बोलायला काही अडचण नव्हती, आणि तरी शब्द फुटेना.

"चूक माझी असेल," सूनबाई म्हणाली. "सांगितलं तसंच करते मी. पण माझ्या हातून काहीतरी राहत असणार."

तिचा आवाज कापत नव्हता. भिंगाला ओरखडा आला तर गिऱ्हाइकाला ज्या आवाजात सांगायचं, त्याच आवाजात ती बोलली. बाकावर बसलेल्या बहिणीने मोठा सुस्कारा सोडला. मुलगा बुटाच्या टोकाकडे बघत राहिला. सर्जनबाई म्हणाल्या, असं मनाला लावून घेऊ नका, आपण आहारतज्ज्ञांशी बोलू, आणि त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली. काकांनी तिथेही तोंड उघडलं नाही. साठी उलटलेला, धंदा उभा केलेला, कामगारांना दरडावणारा माणूस, सुनेच्या मागे लपून बसला. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते त्यांना त्या खुर्चीत बसून समजलं.

परतताना टॅक्सीत सूनबाई पुढे बसली होती. तिने चष्मा काढून ओढणीच्या टोकाने पुसला, घातला, थोड्या वेळाने पुन्हा पुसला. मागून काकांना तिची मान तेवढी दिसत होती. बहीण काहीतरी बोलत होती, दुसऱ्या डॉक्टरचं नाव सांगत होती. काकांच्या तोंडात पुन्हा पाणी जमायला लागलं होतं. त्यांनी डबा उघडला.

संध्याकाळी जेवणाच्या वेळी ते शेडमध्ये गेले नाहीत. कांदा परतल्याचा वास आला, तोंड भरून आलं, तरी खोलीत बसून राहिले. सूनबाई रोजच्यासारखा ट्रे घेऊन आली, तेव्हा ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, हे बाहेर टेबलावर ठेव. तिने कारण विचारलं नाही. दिवसभरात तिचं विचारण्याचं त्राण संपलं असावं. ती ट्रे घेऊन परत फिरली आणि तिच्यामागून काका डबा घेऊन निघाले.

टेबलाशी मुलगा आणि बहीण जेवायला बसले होते. काका आपल्या जुन्या खुर्चीत बसले. त्या खुर्चीवर सध्या इस्त्रीचे कपडे ठेवत, ते मुलाने घाईने उचलले. काकांनी डबा ताटलीशेजारी ठेवला. लाकडावर स्टीलचा आवाज झाला आणि सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग बघितलं नाही असं केलं.

"ताई," काका म्हणाले, "ही मला रोज भांडं भरून देते. अर्धं मी मोरीत ओततो. ताटलीतलं कुत्र्यांना घालतो."

बहिणीचा हात ताटातच राहिला. तिला वाटलं, आजारपणाने याचं डोकं फिरलं.

"दुसऱ्या दिवसापासून," काका म्हणाले. "सिस्टरने चावायला सांगितलं होतं. मी चावलं नाही. आज डॉक्टरीणबाईंपुढे ही स्वतःवर घेत होती तेव्हा मी तिथेच बसलो होतो, आणि गप्प राहिलो."

"पण का रे?" बहीण म्हणाली.

"लाज वाटते."

एवढं बोलून त्यांना पुन्हा थुंकावं लागलं. या वेळी ते उठून गेले नाहीत, तोंडही फिरवलं नाही. डबा उचलला, थुंकले, खाली ठेवला. मग ताटलीतला बटाटा चमच्याने मोडला आणि घास तोंडात घातला. ते चावू लागले. लाळ सुटली, ओठांच्या कडेने ओघळली, ती त्यांनी हाताने पुसली. घसा गिळायला आला तसा त्यांनी मान पुढे घातली, टेबलाची कड धरली आणि थांबले. नंतर सगळा घास, चावून चावून पांढरा झालेला, त्यांनी सर्वांसमोर डब्यात थुंकला. मुलाने डोळे मिटून घेतले होते. बहीण ताट घेऊन उठली. मला नाही रे बघवत, असं काहीतरी म्हणत ती आत गेली. ज्या भावाला तिने घास भरवून वाढवलं होतं, त्याला घास थुंकताना तिला बघता येईना, आणि त्यात तिची चूक काढण्यासारखं काही नव्हतं.

सूनबाई अजून उभीच होती. टेबलावर ठेवलेल्या ट्रेची कड तिने अजून सोडली नव्हती.

"रोज?" तिने विचारलं.

"रोज."

तिने खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसली. ती रागावली होती हे कुणीही सांगितलं असतं. नाकपुड्या फुलल्या होत्या. काकांनी मनाशी धरलं होतं की ती आता काय वाटेल ते बोलेल, आणि बोलावंच. पण तिने स्वतःचं ताट वाढून घेतलं. एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. सासऱ्यांचा डबा तिच्या ताटापासून वीतभर अंतरावर होता, आणि तिने तो सरकवायला सांगितला नाही. काकांनी भीत भीत दुसरा घास तोंडात घातला.

"मीठ बरोबर आहे का?" तिने खाली बघतच विचारलं.

काकांनी जिभेवर घास फिरवला. जरा विचार केला. डब्यात टाकला, तोंड पुसलं.

"कमी आहे."

"किती दिवस कमी पडतंय?"

काकांना खोटं बोलता आलं असतं. इतके दिवस त्यांनी दुसरं काय केलं होतं?

"ठाऊक नाही," ते म्हणाले. "पहिल्या दिवसानंतर आजच चाखलं."

सूनबाईने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. इतक्या पहाटे उठून, इतकं वाटून, इतकं गाळून तिने जे केलं त्याची चव आजवर एकाही जिभेला लागली नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उतरत गेलं. काकांना तो चेहरा बघणं जड झालं, पण ते बघत राहिले. हॉस्पिटलात फिरवलेली नजर आता फिरवायची नाही, एवढं त्यांनी धरून ठेवलं होतं. तिने मिठाची बाटली त्यांच्यापुढे सरकवली, जरा जोरातच.

त्यांनी मीठ घेतलं आणि तिसरा घास चावायला घेतला. तेवढ्यात त्यांच्या पोटात गुरगुर झाली. बारीकसारीक नव्हे, चांगली लांबलचक, स्वयंपाकघरात बहिणीलाही ऐकू गेली असेल अशी. पोटाला निरोप पोचला होता. काकांनी तोंडातला घास डब्यात टाकला आणि दोन्ही हात पोटावर दाबले, चोरी पकडली गेल्यासारखे.

"भूक लागली," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका लहान झाला होता की मुलाने मान पुढे करून ऐकला.

सूनबाईने हात धुतले. नरसाळं घेतलं, भांडं घेतलं, आणि ती टेबलाला वळसा घालून त्यांच्या खुर्चीजवळ येऊन उभी राहिली. नळी आजवर काकांनी तिला दिसूसुद्धा दिली नव्हती.

"तुम्ही चावा, मी ओतते," ती म्हणाली. "शर्ट वर करा."

काकांची बोटं खालच्या बटणाशी बराच वेळ अडखळली. मग त्यांनी शर्ट वर केला.